'ड्युएल', 'द हिचर' की 'एनएच १०': मागे का फिरत नाहीत ही माणसं?

साताऱ्याहून मावसभावाचा फोन आला. शनिवारी रात्री घरी सगळे जमणार, रस्त्यावरचा एखादा थरारपट लावायचा हे ठरलेलं, पण तीन नावांवर घोडं अडलं होतं: 'ड्युएल', 'द हिचर' आणि 'एनएच १०'. "ताई, तू तिन्ही बघितलेत. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो भारी, दुसरा म्हणतो दोन तास फुकट गेले. तू सांग, कुठला लावू?" मी स्वयंपाकाच्या गडबडीत एक नाव सांगून टाकलं. नंतर वाटलं, हे काही उत्तर झालं नाही. या तिघांमध्ये निवड करायची तर लोक त्यांच्याबद्दल काय बोलतात आणि का बोलतात, हे नीट मांडायला हवं.

घरच्यांकडून, मैत्रिणींकडून, फिल्म सोसायटीत खेळ संपल्यावर चहा पिता पिता, असं या सिनेमांबद्दल मी खूप ऐकलंय. आवडीनिवडी प्रत्येकाच्या निराळ्या, पण तक्रार बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन थांबते. ही माणसं मागे का फिरत नाहीत? पोलिसांकडे का जात नाहीत? मी असतो तर गाडी वळवून सरळ घर गाठलं असतं.

ही तक्रार मला फार महत्त्वाची वाटते. मोठ्या बजेटच्या सिनेमात असा प्रश्न डोक्यात येईपर्यंत पडद्यावर दुसरंच काही फुटतं, कोसळतं आणि आपण विसरून जातो. कमी पैशांतल्या रस्त्यावरच्या सिनेमाकडे काय असतं? एक गाडी, एक रस्ता, दोन-चार माणसं. तिथे पात्राचा एक निर्णय पटला नाही की सगळा खेळ बसतो. म्हणून या तिघांना मी याच एका प्रश्नावर तोलणार आहे. शेवट कुठल्याच सिनेमाचा सांगणार नाही.

आधी 'ड्युएल', कारण जुना तोच. १९७१ साली अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीसाठी केलेला हा टीव्हीवरचा सिनेमा. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, तेव्हा वय वर्षं २४. कथा आणि पटकथा रिचर्ड मॅथेसनची. २२ नोव्हेंबर १९६३ ला, म्हणजे केनेडींची हत्या झाली त्याच दिवशी, गोल्फ खेळून घरी परतताना एक ट्रक मॅथेसनच्या गाडीच्या अगदी मागे लागला होता. त्या अनुभवातून आलेली कथा १९७१ मध्ये छापून आली आणि त्याच वर्षी पडद्यावर पोचली.

गोष्ट दोन ओळींत संपते. डेव्हिड मॅन नावाचा एक साधा नोकरदार माणूस लाल प्लिमथ व्हॅलियंट घेऊन कामासाठी निघालाय. कॅलिफोर्नियातल्या ओसाड रस्त्यावर तो एका मळकट टँकरला ओव्हरटेक करतो, आणि तो टँकर त्याच्या जिवावर उठतो. चालकाचा चेहरा आपल्याला एकदाही दिसत नाही. खिडकीतून बाहेर आलेला हात दिसतो, पायातले बूट दिसतात, बस.

यावर ऐकलेलं एक मत असं: "नव्वद मिनिटं नुसता ट्रक. त्याला राग कशाचा आला, तेही शेवटपर्यंत सांगत नाहीत." दुसरं मत: "हा बघितल्यापासून रात्री आरशात मागच्या ट्रकचे दिवे दिसले की हात घामेजतात." मी दुसऱ्या बाजूची. मी स्वतः गाडी चालवते, पुणे–कोल्हापूर रस्त्यावर महिन्यातून एक फेरी ठरलेली. एखादा दुपदरी घाट चढताना पुढचा ट्रकवाला हात बाहेर काढून 'जा' म्हणतो तेव्हा आपण जातो. समोरचं वळण आपल्याला दिसत नसतं, त्याला दिसत असतं. अनोळखी माणसाच्या हातावर आपण आपला जीव टाकतो आणि त्यात काही विशेष वाटतही नाही. 'ड्युएल'मध्ये तो हात बाहेर येतो, 'जा' म्हणतो, मॅन पुढे काढतो आणि समोरून गाडी येत असते. हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडी शिकलेलेही नव्हते. शिकल्यावर पुन्हा पाहिलं, आणि त्याचा अर्थच बदलला.

आता कळीचा प्रश्न. मॅन मागे का फिरत नाही? 'ड्युएल' या प्रश्नाला जेवढा सरळ सामोरा जातो तेवढा दुसरा कुठलाच सिनेमा जात नाही. प्रेक्षक जे जे सुचवेल ते ते मॅन करून बघतो. हॉटेलात शिरून ट्रक निघून जाण्याची वाट बघतो. टेलिफोन बूथमधून पोलिसांना फोन लावतो, तर ट्रक बूथवरच येतो. गाडीतून चाललेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला थांबवून गयावया करतो. रस्ता सोडून आडबाजूला गाडी लावून झोप काढतो, तासभर जाऊ देतो, म्हणजे ट्रक पार पुढे निघून जाईल. तुम्ही सोफ्यावर बसून 'अरे, असं कर ना' म्हणायच्या आत तो ते करत असतो. त्या हॉटेलातल्या प्रसंगावर तर मी तासभर बोलू शकेन. बाहेर ट्रक उभा आहे, म्हणजे त्याचा चालक आत बसलेल्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. पण कोण? मॅन एकेकाचे बूट न्याहाळत बसतो. पाठलाग नाही, वेग नाही, खर्च तर नाहीच. एक खोली, पाच-सहा माणसं आणि एक घाबरलेला चेहरा. 'नुसता ट्रक' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग बहुधा मोबाइल बघत घालवला असावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि रेडिएटरचा होज, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची रबरी नळी. सुरुवातीला पेट्रोल पंपावरचा माणूस सांगतो, होज बदलायला आलाय. मॅनला वाटतं, हा आपल्या खिशावर डोळा ठेवून बोलतोय, आणि तो ते टाळतो. आपल्यातल्या कितीजणांनी पंपावर किंवा गॅरेजात हेच केलंय! पुढे चढ लागतो, मागे ट्रक असतो आणि इंजिनातून वाफ यायला लागते. पटकथेत एवढ्याशा खर्चात एवढा ताण पेरता येतो.

कमी खर्चाचं बोलायचं तर चित्रीकरण जेमतेम दोन आठवड्यांत उरकलं. मूळ चित्रीकरणाला ट्रक एकच होता. स्टुडिओतल्या लोकांचं म्हणणं होतं, गाडी स्टुडिओत ठेवा आणि मागे पडद्यावर रस्ता पळवा, स्वस्तात होईल. स्पीलबर्गनं ऐकलं नाही. लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडच्या सोलेदाद कॅन्यन परिसरातल्या खऱ्या रस्त्यांवर शूटिंग केलं. मुक्कामाच्या मोटेलच्या खोलीत भिंतींवर सगळ्या रस्त्याचा लांबलचक नकाशा लावला होता, कुठला प्रसंग कुठल्या वळणावर हे त्यावर ठरलेलं. ट्रकही पारखून घेतला: पीटरबिल्ट २८१, नाक पुढे आलेला, समोरून बघितलं तर चेहऱ्यासारखा दिसणारा. त्यावर तेल आणि मळ फासला, पुढच्या बंपरवर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबर प्लेटा लावल्या. या प्लेटा कशाच्या, ते कुणी बोलून दाखवत नाही. ज्याच्या लक्षात येतं तो गप्प होतो.

दोष आहेत. मॅनच्या मनातले विचार आपल्याला त्याच्या आवाजात ऐकू येतात, आणि ते नको होते असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. मॅन झालेल्या डेनिस वीव्हरचा चेहरा एवढा बोलका आहे की त्या वाक्यांची गरजच नव्हती. दुसरी गोष्ट लांबीची. टीव्हीवर दाखवलेला सिनेमा ७४ मिनिटांचा होता. नंतर अमेरिकेबाहेरच्या थिएटरांसाठी नवे प्रसंग चित्रित करून तो ९० मिनिटांचा केला: शाळेची बस, रेल्वे फाटक, बायकोला केलेला फोन. बायकोच्या फोनमुळे मॅन हा घरीही कच खाणारा माणूस आहे असं सांगायचा प्रयत्न होतो, तो मला फुकाचा वाटतो. पण शाळेच्या बसचा प्रसंग सुरेख आहे, कारण तिथे ट्रक असं काही वागतो की सगळ्यांना मॅनच वेडा वाटायला लागतो. त्या एका प्रसंगासाठी ९० मिनिटांचाच बघा.

'द हिचर'चं तसं नाही. हा १९८६ चा, दिग्दर्शक रॉबर्ट हार्मन, लेखक एरिक रेड. जिम हॅल्सी नावाचा तरुण दुसऱ्याची गाडी शिकागोहून सॅन डिएगोला पोचवायला निघालाय. टेक्सासमध्ये पाऊस, रात्र, डोळ्यांवर झोप. जागं राहायला सोबत होईल म्हणून तो रस्त्यात उभ्या माणसाला लिफ्ट देतो. तो माणूस म्हणजे नट रुट्गर हाउअर.

इथे मारेकऱ्याला चेहरा आहे, आणि तो विसरता येत नाही. निळे डोळे, हळू बोलणं, कधीकधी जवळपास दुःखी वाटणारं हसू. कारण मात्र इथेही नाही. हा माणूस असं का करतो, याच पोराच्या मागे का लागतो, हे जिम विचारतो आणि त्याला उत्तर मिळत नाही. 'पोलिसांकडे का जात नाही' याचं उत्तर मात्र सिनेमाकडे आहे, आणि ते अंगावर काटा आणणारं आहे: तो जातो, आणि पोलिस त्यालाच खुनी समजून कोठडीत टाकतात. त्यानंतर पोलिसही त्याच्या मागे आणि तो माणूसही.

मतांचं म्हणाल तर या तिघांत सगळ्यात दुभंगलेला सिनेमा हाच. रॉजर ईबर्टसारख्या नावाजलेल्या समीक्षकानं याला शून्य तारे दिले होते. उलट पुढे व्हिडिओवर आणि केबलवर बघितलेल्या पिढीनं तो डोक्यावर घेतला. मी कुठे आहे? पहिला तास मला फार आवडतो. वाळवंटातली ती पहाट, रिकामा रस्ता, आणि एकटं पडलेलं पोर. पण पुढे हा मारेकरी कुठूनही उगवतो. बंद खोलीत, पोलिस ठाण्यात, पोराच्या जेवणाच्या ताटापर्यंत. ज्यांना हे दुःस्वप्नासारखं वाटतं त्यांना ते पटतं. ज्यांना 'हा इथे पोचला कसा' हा प्रश्न पडतो ते तिथेच सिनेमातून बाहेर पडतात. आणि सिनेमातल्या एकुलत्या एका मुलीच्या वाट्याला जे येतं, ते मला मुळीच मान्य नाही. प्रत्यक्ष दाखवलेलं नाही हे खरं, पण तिला केवळ नायकाला हादरा देण्यासाठी आणलंय, हे कळतं आणि मन विटतं. जेनिफर जेसन ली ही गुणी अभिनेत्री त्या भूमिकेत वाया गेली.

घरात लहान मुलं असतील तर हा नकोच. मोठी माणसं असतील आणि कुणाला हाउअर बघायचाच असेल, तर त्याच्यासाठी जरूर बघा. २००७ मध्ये निघालेला त्याचा नवा अवतार चुकूनही लावू नका. नाव तेच असल्यामुळे गफलत होते.

'एनएच १०' आपल्या देशातला, त्यामुळे त्याच्याबद्दल लोक जास्त तावातावानं बोलतात. १३ मार्च २०१५ ला प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नवदीप सिंग, लेखक सुदीप शर्मा. निर्मात्यांत स्वतः अनुष्का शर्मा, आणि मुख्य भूमिकाही तिचीच. नाच नाही, नायकाची एंट्री नाही. आघाडीच्या नायिकेनं स्वतःचा पैसा घालून असा सिनेमा करायला धाडस लागतं. ज्या रस्त्याचं नाव सिनेमाला आहे तो जुना राष्ट्रीय महामार्ग १०, दिल्लीहून रोहतक, हिसार, सिरसा करत पंजाबात फाजिल्काला जाणारा. नव्या क्रमांकांनुसार आता त्याचा बहुतेक भाग ९ झालाय.

मीरा आणि अर्जुन हे गुडगावातलं नोकरदार जोडपं. सुरुवातीलाच रात्री एकटी गाडी चालवणाऱ्या मीरावर हल्ला होतो. ती बचावते, पुढे बंदुकीचा परवाना घेतला जातो. वाढदिवसाच्या निमित्तानं दोघं बाहेर पडतात. वाटेत ढाब्यावर पळून आलेलं एक तरुण जोडपं दिसतं, आणि त्यांना फरपटत न्यायला आलेले मुलीचे घरचे. अर्जुन मध्ये पडतो आणि सगळ्यांसमोर थोबाडीत खातो.

इथेच मतं फुटतात. पुढे त्या लोकांची गाडी पुन्हा दिसते आणि अर्जुन बंदूक घेऊन त्यांच्या मागे जातो. "कशाला गेला? मूर्ख आहे. सिनेमा पुढे जावा म्हणून गेला." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोजदाद सोडली. मला वाटतं, हे म्हणणारे ती थोबाडीत नीट बघत नाहीत. अर्जुन त्या जोडप्याला वाचवायला जात नाही. तो आपली गेलेली पत परत आणायला जातो. मीरा 'चल' म्हणते, आणि तिनं 'चल' म्हटलं म्हणूनच त्याला जास्त जावंसं वाटतं. असे पुरुष आपण रस्त्यावर रोज बघतो. कुणी कट मारला म्हणून पाच किलोमीटर पाठलाग करणारे, शेजारी बायको आणि मागे मूल बसलेलं असताना. 'मागे का फिरत नाही' या प्रश्नाचं या तिघांतलं सगळ्यात खरं उत्तर 'एनएच १०'कडे आहे, आणि म्हणूनच ते सगळ्यात जास्त टोचतं.

आणखी एक छोटा प्रसंग. ढाब्याच्या स्वच्छतागृहात बाईला दिलेली शिवी लिहिलेली असते, आणि मीरा ती पुसून काढते. कुणाशी काही बोलत नाही. मी हा सिनेमा तीन वेगवेगळ्या घोळक्यांत पाहिला. तिन्ही वेळा बायकांच्या ते दृश्य लक्षात राहिलं, पुरुषांपैकी एकालाही आठवेना. सिनेमाबद्दलच्या मतांमध्ये फरक कुठून येतो ते इथे दिसतं: हायवेवर स्वच्छतागृह शोधत किती किलोमीटर जावं लागतं, आणि सापडल्यावर आत एकटीनं जायचं की नाही, हा विचार ज्यांनी कधी केला नाही त्यांना तो प्रसंग म्हणजे नुसती भिंत.

पोलिसाची गोष्ट इथेही आहे, आणि ती 'हिचर'पेक्षा भयंकर. तिथला पोलिस चुकीच्या माणसाला पकडतो. इथला पोलिस सगळं ओळखून असतो, आणि गुडगावचा शेवटचा मॉल संपतो तिथे तुमची लोकशाहीही संपते, अशा अर्थाचं मीराला ऐकवतो. जातीच्या आणि गोत्राच्या नावाखाली पोटच्या पोरीला मारणारी माणसं हा या सिनेमातला राक्षस. तो काल्पनिक नाही. २००७ मध्ये हरियाणातल्या कैथल जिल्ह्यातलं मनोज–बबली या जोडप्याच्या खुनाचं प्रकरण घडलं, तेव्हा त्या दोघांना बसमधून उतरवून नेलं होतं. म्हणजे तेही रस्त्यावरच. २०१० मध्ये कर्नालच्या न्यायालयानं पाचजणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं पुढे ती शिक्षा कमी केली. 'हे तिकडे हरियाणात' म्हणून हात झटकायचा मोह होतो. आपल्याकडे तेव्हाच्या नगर जिल्ह्यात २०१३ मध्ये सोनईत आणि २०१४ मध्ये खर्ड्यात जातीवरून खून झाले आहेत.

उत्तरार्धाबद्दलची तक्रार मात्र खरी आहे. पहिला दीड तास घाबरलेली, धडपडणारी, चुकणारी मीरा पुढे ज्या तऱ्हेनं उभी राहते ते अनेकांना फिल्मी वाटतं. मला ते पूर्ण खोटं वाटत नाही, पण तोपर्यंत सिनेमानं जपलेला खरेपणा तिथे थोडा सुटतो. २००८ च्या 'ईडन लेक' या ब्रिटिश सिनेमाशी साम्य असल्याचंही लोक दाखवतात. साम्य आहे. पण खाप पंचायतीचा आणि जातीचा धागा इथला आहे, आणि सिनेमा तोच धरून उभा राहतो. दीप्ती नवल शेवटाकडे येतात, त्या भूमिकेबद्दल मी काहीच सांगणार नाही.

जाता जाता दोन नावं. २००२ चा हिंदी 'रोड': विवेक ओबेरॉय, अंतरा माळी आणि वाटेत लिफ्ट घेणारा मनोज बाजपेयी. बाजपेयी सुरेख, पण गाणी लागली की ताण विरतो. आणि १९८८ चा डच 'स्पोरलोस': फ्रान्समध्ये सुट्टीवर निघालेलं जोडपं पेट्रोल पंपावर थांबतं, ती थंड पेय आणायला आत जाते आणि परत येत नाही. दिग्दर्शक जॉर्ज स्लाउझर यांनीच १९९३ मध्ये हॉलिवुडसाठी तो शेवट बदलून पुन्हा केला, आणि लोकांनी मूळचाच उचलून धरला. तो एकट्यानं, शांतपणे बघायचा सिनेमा आहे. घरभर माणसं असताना नको.

तर साताऱ्याला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. घरी मावशी आहे, दहावीतली मुलगी आहे, इंग्रजी सगळ्यांना सारखं कळत नाही. 'ड्युएल'मध्ये बोलणं कमी, रक्तपात जवळपास नाही, आणि मावशीला ट्रक म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको. शनिवारी तोच लाव म्हटलं, आणि दिवे मालव. हॉटेलच्या प्रसंगात कुणाला चहा करायला उठू देऊ नकोस. 'हिचर' हवा तर मित्रांबरोबर. 'एनएच १०' प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालेला सिनेमा, शिव्या आहेत, मारहाण बघवत नाही. तो तुम्ही दोघं नवरा-बायकोच बघा, पोरगी झोपल्यावर. आणि अर्जुन बंदूक घेऊन निघतो तिथे थांबव, आधी वहिनीला विचार, मी काय केलं असतं असं तुला वाटतं?